नाव झालं, हिशोब राहिला

कुणी भांडी आवरून बसल्या असाल, कुणी खुरपणी करता करता बांधावर रेडिओ ठेवला असेल. आज आम्ही बोलणार आहोत ते आमच्या बचत गटाच्या एका बैठकीबद्दल. ती बैठक रात्री दहापर्यंत चालली आणि उठताना दोघी-तिघी एकमेकींशी बोलतही नव्हत्या.

झालं असं, की आमच्यातल्या एकीनं ४० हजारांचं कर्ज मागितलं. शेळ्यांसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही. "पोरीला गाण्याच्या व्हिडिओत घेतायत," ती म्हणाली. पोरगी सतराची, बारावीला. नाचते खरंच छान. मोबाईलवर टाकलेला तिचा नाच हजारो लोकांनी बघितला. तो बघून एका माणसाचा फोन आला: मुख्य नाचणारी म्हणून घेतो, कपड्यांचे आणि शूटिंगचे ४० हजार तुम्ही भरा, एकदा नाव झालं की दहापट येतील.

आमच्यात लगेच दोन तट पडले. काही म्हणाल्या, पोरीच्या जातीला हे नाद कशाला, लग्न कोण करेल? काही म्हणाल्या, आपली स्वप्नं आपण चुलीत घातली, आता तिचीही घालायची का? आवाज चढले. तेव्हा आमच्या गटातल्या आजी, ज्या एरवी अंगठा देऊन गप्प बसतात, त्या म्हणाल्या, "विठाबाईचा खेळ मी बघितलाय. तिचं काय झालं ते आधी ऐका, मग भांडा."

विठाबाई नारायणगावकर हे नाव तुमच्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक असेल. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. वडील आणि चुलत्यांचा फड, त्यामुळं गण-गवळण आणि लावणी लहानपणापासून कानावर. पुढं त्या तमाशासम्राज्ञी म्हणून ओळखल्या गेल्या. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी जवानांसमोर जाऊन त्यांनी कला सादर केली. बाईमाणसानं याहून मोठं नाव काय कमवायचं?

आणि त्यांची ती गोष्ट तर गावोगाव सांगतात. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. मघाशी पोट होतं, आता नाही, हे बघणाऱ्यांच्या लक्षात आलं. तेव्हा लोकांनीच त्यांना आराम करायला सांगितलं आणि खेळ थांबवला.

ही गोष्ट नेहमी हिमतीची म्हणून सांगतात. हिंमत होतीच. पण मैत्रिणींनो, आपण बाळंतपणं काढलेल्या बाया आहोत. ओल्या अंगानं उठणं म्हणजे काय ते आपल्याला कुणी सांगायला नको. आम्हाला प्रश्न पडला तो वेगळाच. त्यांना उठावं का लागलं?

तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. या गावची यात्रा, त्या गावचा उरूस. सुपारी घेतली की खेळ व्हायलाच हवा. पावसाळ्यात काम नसतं, तेव्हा कलावंत फडमालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर ती फेडतात. मालकही पुष्कळदा सावकाराकडून पैसा उचलतो. एक खेळ बुडाला तर ढोलकीवाल्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांच्या ताटावर परिणाम. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना ही उचल चांगली ठाऊक आहे. नाव कितीही मोठं होवो, ज्या बाईच्या अंगावर सगळ्यांची चूल असते तिला आजारी पडायची सोय नसते.

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. दवाखान्याचं बिलसुद्धा चुकतं झालं नव्हतं, ते लोकांनी मदत करून भागवलं. चार वर्षांनी, २००६ पासून, सरकारनं त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चांगलंच केलं. पण पुरस्काराला नाव लागलं तेव्हा नाववाली नव्हती.

यावर आमच्यातली एक शिकलेली सून म्हणाली, "तो तमाशाचा जुना जमाना. सिनेमात पैसा असतो." मग हंसा वाडकरांची गोष्ट निघाली. मूळ नाव रतन साळगावकर. घरची ओढाताण म्हणून ती पोर शाळेच्या वयातच कामाला लागली. पडद्यावर नावही दुसरंच लागलं. 'संत सखू' केला, 'रामजोशी' केला. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात एकाच थिएटरात दोन वर्षांहून जास्त चालला. त्याच नावानं १९७० साली त्यांची आत्मकथा आली. त्यात त्यांनी काहीही झाकून ठेवलं नाही. बाहेर जिच्या नावावर तिकिटं खपत होती, तिला घरी बसून संसार करायची आस होती, आणि घरच्यांना तिची कमाई हवी होती. पुढच्याच वर्षी, १९७१ साली, त्या गेल्या. वय पन्नाशीच्याही आतलं. १९७७ साली त्यांच्या आयुष्यावरून 'भूमिका' नावाचा सिनेमा निघाला आणि त्यातल्या कामासाठी स्मिता पाटलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बैठकीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्या पोरीची आईच म्हणाली, "म्हणजे पाठवू नको म्हणताय."

नाही. आम्हाला तसं म्हणायचं नव्हतं. विठाबाईंनी नाचू नये होतं असं म्हणायची आमची छाती नाही. त्यांच्या पायात जे होतं ते घरात कोंडलं असतं तर तेही मरणच होतं. आमचं म्हणणं एवढंच, की टाळ्या हजार जणांच्या आणि खर्च एकटीचा, असा हिशोब आपल्या पोरीच्या वाट्याला येऊ नये. आणि हिशोब तर आपल्याला येतो. दर महिन्याला वही उघडून आपण तोच करतो.

म्हणून आम्ही तीन प्रश्न काढले. पैसा कुणाच्या खात्यावर येणार? पोरगी आजारी पडली, घाबरली, तर तिच्याजवळ आपलं कोण असणार? आणि नाही जमलं तर ती परत येईल तेव्हा शाळा आणि घर दोन्ही उघडं असेल का?

आईनं दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फोन केला, आम्ही चौघी शेजारी बसलो. करार कागदावर द्या म्हटलं. पत्ता मागितला. मुलगी १८ ची नाही, तिची सही चालत नाही, आई सोबत येईल असं सांगितलं. तो म्हणाला, "एवढी चौकशी करणाऱ्यांची पोरं मोठी होत नसतात," आणि फोन ठेवला. नंतर त्यानं उचलला नाही.

पोरगी आमच्यावर चिडली. अजून चिडलेली आहे. वाटेत दिसली की मान फिरवते. तिचा राग आम्हाला कळतो, कारण आजवर आम्ही तिला नुसतं थांबवलंय, दिलं काही नाही. त्यामुळं मागच्या बैठकीत आम्ही ठराव केला. तिचं स्वतःचं खातं उघडायचं. बारावी झाली की तालुक्याला नीट नाच शिकवणारं कुणी आहे का ते शोधायचं आणि फीसाठी गटातून कर्ज द्यायचं. पुढं खरं काम आलं, तर आमच्यातल्या दोघी आळीपाळीनं तिच्यासोबत जातील. लग्न कोण करेल म्हणणारीनं सगळ्यात आधी हात वर केला.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही अशी एखादी पोरगी असेल, आरशासमोर नाचणारी, मोबाईलमध्ये बघून गाणारी. तिला हसू नका आणि एकटीला सोडूही नका. कुणी पैसे मागत असेल, एकटीला बोलवत असेल, घाई करत असेल, तर थांबा आणि चौघी मिळून विचारा. पोरगी १८ च्या आतली असून अडचणीत असेल तर १०९८ वर फोन करा, तातडीची वेळ असेल तर ११२ वर.

आणि हे तीन प्रश्न तुमच्या गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा. आमच्या वहीत ते आजींनी सांगितले आणि आम्ही लिहिले. खाली त्यांचा अंगठा आहे.