घरची वाकळ

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपण म्हणतो. पण ते अंथरूण कशाचं असावं, कसं करावं, ह्याचा विचार फारसा होत नाही. आज मी बोलणार आहे ते वाकळेबद्दल. कुणी तिला गोधडी म्हणतात. १९५६ साली निवर्तलेले संत गाडगेबाबा ठिगळांचं वस्त्र अंगावर घेत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. गावोगाव झाडू हाती घेऊन स्वच्छता शिकवणाऱ्यानं चिंध्या पांघराव्यात, ह्यातच सारं आलं. जुनेर म्हणजे घाण नव्हे.

वाकळेला कापड सुतीच हवं. जुनं सुती लुगडं मऊ झालेलं असतं, घाम टिपतं. आणि ऊब कशानं येते? नुसत्या कापडानं नव्हे, तर थराथरांत अडकून राहिलेल्या हवेनं. आजकाल बऱ्याच साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. ओळखायचं कसं? एक धागा काढून जपून पेटवावा. सुती असेल तर कागदासारखा वास येतो, मऊ राख पडते. कृत्रिम असेल तर वितळून कडक गोळी होते. असं कापड चुलीजवळ पेटलं तर अंगाला चिकटतं. लेकराच्या दुपट्यात ते मुळीच घालू नये.

आता माप. नऊवारी लुगडं सत्तावीस फूट लांब. त्याची चौघडी घातली की पावणेसात फूट लांबीचे चार पदर झाले. एका माणसाची वाकळ त्यात होते. सहावारीच्या तीन घड्या घातल्या तर सहा फूट. अशा दोन साड्या घ्याव्यात. गुरुजी, हे उदाहरण वर्गात घालून बघा. मुलं कागदाची घडी घालून उत्तर काढतील!

कापड आधी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावं. धड कापड वर आणि खाली, विरलेले तुकडे मध्ये. जमिनीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावं, सुरकुत्या काढाव्यात आणि लांब लांब कच्चे टाके घालावेत. हे टाळलं की पदर सरकतात आणि मध्ये फुगवटा येतो. मग कडा आत मुडपून, काठापासून सुरुवात करून चौफेर फिरत मध्याकडे यावं. टाका साधा धावदोरा, गव्हाच्या दाण्याएवढा. ओळी बोटभर अंतरावर. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंततो. गाठ थराच्या आत दडवावी.

वाकळ रोज झटकावी, आठवड्याला दोन्ही बाजूंनी ऊन द्यावं. धुतल्यावर दोरीवर टांगू नये, पाण्याच्या भारानं टाके तुटतात, धोंड्यावर पसरावी. वरचा पदर फाटला तर टाकून देऊ नका. त्यावर दुसरा घालून पुन्हा शिवा.

एक महत्त्वाचं. घरात खरूज झाली तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं, आणि अंथरूण-पांघरूण कढत पाण्यानं धुऊन उन्हात वाळवावं. धुणं जमत नसेल, तर पिशवीत घट्ट बांधून निदान तीन दिवस बाजूला ठेवावं. माणसाच्या अंगाविना तो किडा सहसा त्याहून जास्त जगत नाही.

शेवटी पुरुष मंडळींना एक सांगणं. वाकळ फुकट होते असं म्हणू नका. दुपारच्या किती विसाव्याच्या घटका तिच्यात गेलेल्या असतात, ते शिवणारीला विचारा. सुगी संपली, पाऊस यायचा आहे, अशा दिवसांत चार जणींनी चार कडांना बसावं, काम हलकं होतं. आणि एक कड घरातल्या मुलानं धरायला काय हरकत आहे? सुईला काही तो मुलगा की मुलगी, हे कळत नाही. पांघरायला सगळे असतात, तर शिवायलाही असावेत.