टर्बोचा दाब आणि पेट्रोलचे माप



मोटारीचे इंजिन हा विषय गॅरेजात शोभेल, व्याख्यानमालेत कसा शोभेल, असे आमच्याच घरात विचारले गेले. पण आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीचा जळका पिस्टन आम्ही हातात घेऊन पाहिला आहे. त्याच्या माथ्यास रुपयाएवढे भोक पडले होते. ते कसे पडले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण त्याची खरी भूक हवेची. एक किलो पेट्रोल पुरते जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण जोर घेताना पेट्रोल थोडे सढळ हाताने, साडेबारास एक अशा प्रमाणात देतात. त्याने सिलिंडरातील उष्णता आवरली जाते. तेव्हा हवा किती आली हे आधी कळावयास हवे. बॉश कंपनीने १९६७ साली डी-जेट्रॉनिक ही विजेवर चालणारी पेट्रोल-फवारणी आणली, तिच्यातही हा हिशेब मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळांतील, दाबावरूनच होई. आजही पुष्कळ गाड्यांत तीच रीत आहे.

आता टर्बो. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनी त्याचे पेटंट १९०५ साली घेतले. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक इंजिनात हवा कोंबते.

ज्या गाडीस मुळात टर्बो नाही, तिच्या दाबाच्या सेन्सरला वातावरणाच्या दाबापलीकडे पाहावयाचे कारणच नसते. समुद्रसपाटीस हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, महाबळेश्वरास ८६च्या आसपास. स्नेह्यांनी हौसेने बाहेरून टर्बो बसवून घेतला आणि सेन्सर जुनाच राहिला. अडत्याच्या शंभर किलोच्या काट्यावर दीडशेचे पोते टाकले तरी काटा शंभरावरच थटतो, तसेच झाले. टर्बोने अर्धा बार दाब चढविला, नळांत दीडशे किलोपास्कल झाले, संगणकाने शंभराचेच पेट्रोल दिले. साडेबाराचे प्रमाण पावणेएकोणीसावर गेले! दाबलेली हवा तापून काहीशी विरळ होते, ती सूट दिली तरी पेट्रोल फारच तोकडे. असे मिश्रण आपल्याच उष्णतेने भडकते, ठोके बसतात आणि अखेर पिस्टन जातो.

बसविणाऱ्याने काहीच केले नव्हते असे नाही. टर्बोबरोबर पेट्रोलचा दाब वाढविणारा एक नियामक त्याने लावला होता. पण दीडपट पेट्रोल हवे तर फवाऱ्यावरचा दाब सव्वादोनपट लागतो, हे गणित त्या बिचाऱ्या पंपास झेपले नाही.

उपाय सरळ आहे. दोन बारपर्यंतचा निरपेक्ष दाब, म्हणजे निर्वातापासून मोजलेला दाब, दाखविणारा सेन्सर घ्यावा. त्याची नळी थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवरच जोडावी. तारा तीनच. मात्र नुसता सेन्सर बदलून भागत नाही. जुन्यात अडीच व्होल्ट म्हणजे सुमारे पन्नास किलोपास्कल होते, नव्यात तेच सुमारे शंभर. संगणकास हे सांगितले नाही, तर तो जवळजवळ निम्मेच पेट्रोल देईल आणि गाडी दारातच बंद पडेल. ‘मोठाच घेऊ, तीन बारचा,’ असेही स्नेही म्हणाले. आम्ही नको म्हटले. माप जितके मोठे तितके त्याचे घर विरळ, आणि गाडी उभी असताना इंजिनास बारीक मापाचीच गरज असते.

मग नळांतील शंभराच्या वरच्या दाबासाठी पेट्रोलचे कोष्टक नव्याने लिहावे लागले. धुरातील ऑक्सिजनवरून मिश्रणाचे प्रमाण सांगणारे उपकरण लावून घाटाच्या चढावर पहाटे गाडी काढली. टर्बोचा दाब प्रथम थोडाच ठेवला, आकडा पाहिला, पेट्रोल वाढविले, मगच पुढचा दाब. दोन पहाटा गेल्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या बारला आकडा पावणेबारावर स्थिर झाला आणि ठोके ऐकू आले नाहीत.

तो भोकाचा पिस्टन स्नेह्यांनी टाकला नाही. त्यांच्या टेबलावर आहे. भोकात ते पेन उभे करून ठेवतात.