राखणीची दुर्बीण : बंदुकीवर नको, गळ्यात हवी

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मक्याला कणसं धरली, भुईमुगाच्या शेंगा भरल्या, की रानडुकरांचा फेरा सुरू होतो. विदर्भात त्यांच्या जोडीला रोह्यांचे कळप असतात. मग माळ्यावर बसून रात्र जागवणं आलंच. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेले काही शेतकरी या दिवसांत विचारतात, "बंदुकीवर बसवायला स्वस्तातली, पण चांगली दुर्बीण कोणती घ्यावी?" आज त्याचंच उत्तर देणार आहे. दुर्बीण जरूर घ्या, पण ती बंदुकीवर बसवू नका. दोन डोळ्यांची साधी दुर्बीण घ्या आणि गळ्यात अडकवा.

असं का म्हणतो, ते ऐका. आपल्याकडे परवान्यावर असते ती बहुधा बारा बोअरची किंवा ठासणीची बंदूक. बारा बोअरचे छर्रे पस्तीस-चाळीस मीटरपलीकडे फाकतात. तेवढ्या अंतरासाठी दुर्बिणीची गरजच नाही. शिवाय छऱ्याच्या हवाई बंदुकीसाठी बनवलेली स्वस्त दुर्बीण बारा बोअरवर चढवली, तर दणक्याने तिच्यातली फुली सरकते आणि नेम भलतीकडे जातो. डोळा फार जवळ असेल तर दुर्बिणीची कड भुवईवर आपटते. म्हणजे पैसे गेले आणि डोकंही फुटलं! आणि परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. वनखात्याच्या परवानगीवाचून रानडुकरावर गोळी झाडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

पण खरं कारण याहून मोठं आहे. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून 'नुसतं बघायचं' म्हटलं, तरी नळी समोरच्यावर रोखावी लागते. समोर काय आहे हे कळण्याआधीच बंदूक त्याच्यावर धरलेली असते. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. माणूस जिवानिशी गेला.

माझीही एक चूक सांगतो. जत्रेतून मी मोठ्या हौसेने एक दुर्बीण आणली. वर '३०×६०' असा आकडा होता. दिवस मावळताना माळ्यावरून पाहिलं, तर बांधापलीकडे काळं, वाकलेलं काही तरी हलत होतं. दुर्बीण डोळ्याला लावली, तर सगळा अंधार, आणि हात हलेल तसं चित्र नाचतंय. डुक्करच असणार म्हणून गोफण फिरवली. दगड सुटला आणि पलीकडून ओरड आली, "अरे, मी आहे मी!" शेजारचे तात्या घोंगडी पांघरून दारं धरत होते. दगड कानाजवळून गेला. हातात बंदूक असती तर? त्या दिवसापासून दुर्बीण निवडायची कशी, हे मी नीट शिकून घेतलं.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ८×४०. पहिला आकडा ती किती पट जवळ दाखवते तो. आठ पटीच्या दुर्बिणीतून ४०० मीटरवरचं जनावर ५० मीटरवर असल्यासारखं दिसतं. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. आता दुसऱ्याला पहिल्याने भागा. ८×४० चं उत्तर येतं ५. म्हणजे दुर्बिणीतून डोळ्याकडे ५ मिलिमीटर जाडीचा उजेडाचा झोत येतो. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते, अंधारात सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशीनंतर मात्र ती पाचच्या आसपासच राहते. माझ्या ३०×६० चा भागाकार आला २! सांजवेळी अंधार दिसला तो त्यामुळे.

म्हणून राखणीसाठी ८×४० सर्वांत सोयीची. माळ्याच्या दांडीवर टेकवून बघणार असाल तर १०×५० चालेल. ७×५० चा झोत सातचा, सांजवेळेला उत्तम. पण ती वजनाला जड असते. दहा पटीच्या वर जाऊ नका, हातात स्थिर राहत नाही. आकडा कमी-जास्त करता येणारी 'झूम' दुर्बीण स्वस्तात घेऊ नका. तिच्यात भिंगं जास्त, बिघाड जास्त आणि चित्र मंद.

आता दुकानात गेल्यावर काय तपासायचं, ते सांगतो. दुर्बीण हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. घरपोच मागवली तर परत करता येते का, ते आधी विचारा.

पहिलं, पट्टी घेऊन पुढचं भिंग मोजा. लिहिलेलं ५० आणि काच ४० भरली, तर दुर्बीण तिथेच ठेवा.

दुसरं, दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचा लहान गोल दिसेल. तो स्वच्छ आणि पुरा गोल हवा. कडा करड्या, गोल चौकोनाकडे झुकलेला, तर आतली लोलकाची काच हलकी समजा.

तिसरं, पुढच्या भिंगात दुकानातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. मंद हिरवं-जांभळं दिसलं तर काचेवर चांगला लेप आहे. पांढरंशुभ्र दिसलं तर लेप नाही, उजेड वाया जाणार. तांबडीलाल, आरशासारखी चमकणारी काच दिसायला झोकदार, पण तीच उजेड बाहेर फेकते. 'रात्री दिसणारी' म्हणून रंगीत काचेची दुर्बीण कोणी गळ्यात मारत असेल तर फसू नका. साधी दुर्बीण अंधारात उजेड निर्माण करत नाही. सांजवेळी आणि चांदण्यात आहे तो उजेड गोळा करते, इतकंच.

चौथं, लांबचा विजेचा खांब दोन्ही डोळ्यांनी पाहा. खांब एकच दिसला पाहिजे. दोन दिसले किंवा थोड्या वेळात डोळ्यांवर ताण आला, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. ही खोड घरी सुधारत नाही.

घरी आणल्यावर एकदा ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्या. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. कडीची खूण लक्षात ठेवा. चष्मा असेल तर रबराच्या वाट्या दुमडून बघा.

पावसाळा हा दुर्बिणीचा मोठा शत्रू. ओल धरली की आत बुरशीचे जाळे धरते आणि काच कायमची खराब होते. म्हणून कातडी पिशवीत कोंडून ठेवू नका. ओल शोषणाऱ्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कोकणासारख्या ओल्या मुलखात थोडे जास्त पैसे घालून पाणी न शिरणारी घेतली तर ती टिकते. काच पुसण्याआधी धूळ फुंकून घ्या. धोतराच्या सोग्याने घासलीत तर धुळीचे ओरखडे उठतील. पोरांना दुर्बीण दिली तर एक सांगून ठेवा : सूर्याकडे कधीही बघायचं नाही, डोळा जाईल.

ध्यानात ठेवा :

१) दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. उत्तर ५ किंवा जास्त हवे.
२) दहा पटीच्या वरची आणि झूमची दुर्बीण नको.
३) भिंग मोजा, गोल पाहा, लेप पाहा, खांब पाहा.
४) माळ्यावरून उतरण्याआधी दुर्बिणीतून शिवार न्याहाळा. उसाच्या पट्ट्यात बिबट्याही असू शकतो.
५) समोर काय आहे हे पुरतं कळल्याशिवाय ना दगड, ना गोळी.

मंडळी, वीज रात्रीची येते, म्हणून आपला शेजारीही रात्री शिवारात असतो. पीक बुडालं तर पंचनामा करून भरपाई मागता येते. पण एकदा गेलेला माणूस कोणत्याही पंचनाम्याने परत येत नाही. म्हणून आधी दुर्बीण, मग हाळी, आणि बाकी सगळं त्यानंतर.