राजवाड्यावर आपले स्वागत



 मराठी साहित्य संमेलन इंदूर शहरात 1917, 1935 आणि 2001 साली भरले होते, तेव्हा मराठी पाहुण्यांची सरबराई आम्हा इंदूरकरांना नवी नाही. पाहुण्यांना आम्ही आधी नेतो राजवाड्यावर.

मल्हारराव होळकरांच्या घराण्याचा हा सात मजली वाडा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. समोर अहिल्याबाईंचा पुतळा आहे. त्यांच्या नावाने आम्ही छाती पुढे काढतो खरे, पण त्यांनी कारभार केला महेश्वराहून, नर्मदाकाठी बसून. इंदूर राजधानी झाले ते 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर, म्हणजे महिदपूरची लढाई हरल्यावर. एवढे मात्र पाहुण्यांना आम्ही सहसा सांगत नाही!

या वाड्याने आगी फार सोसल्या. पहिली लावली आपल्याच माणसांनी. यशवंतराव होळकरांनी उज्जैन लुटली, त्याचा सूड म्हणून 1801 मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले, जाळले. मराठी माणसांच्या एकीवर या संमेलनात भाषणे होतीलच. ती ऐकताना राजवाड्यासमोरचा हा चौक जरा आठवावा. 1834 च्या आगीत वरचे लाकूडकाम गेले. 1984 च्या दंगलीत मागचा भाग जळून खाक झाला, दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. पुढे जळालेला भाग पुन्हा बांधून काढला.

मधल्या काळात राजेमंडळी लालबागेत आणि माणिकबागेत राहायला गेली. चौक लोकांच्या ताब्यात आला, आणि माझ्या मते त्याचे खरे दिवस तेव्हाच सुरू झाले. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, इथूनच जाते. रंगाच्या तोफा सुटल्या की शेजारचा माणूस ओळखू येत नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. गिरण्यांना कधीच टाळे लागले, कामगारांनी झांक्या मात्र सोडल्या नाहीत. भारताने क्रिकेटचा मोठा सामना जिंकला की अख्खे शहर कुणी न बोलावता इथे जमते.

जवळच कृष्णाबाई होळकरांनी बांधलेले गोपाळ मंदिर आणि नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. त्या सकाळी पाहाव्यात. मागच्या बाजूचा सराफा मात्र रात्रीच. दिवसा सोन्याचांदीचा व्यापार. दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. माणसांच्या वर्दळीने दुकानांची आयतीच राखण होते, असे जुने लोक सांगतात.

आज शेवटच्या सत्रानंतर आपण सारे तिथे जाणार आहोत. भुट्ट्याचा कीस आहे, थंडीचे दिवस असल्याने गराडू हा तळलेला कंदही मिळेल. संध्याकाळचे जेवण त्यासाठीच बेताचे ठेवले आहे. ती स्वागत समितीची काटकसर समजू नये, ही विनंती.