‘प्रवचन पुरे!’
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला एका शब्दाविषयी बोलावयाचे आहे. शब्द रोजच्या ओळखीचा आहे – प्रवचन. देवळात तो ऐकला की आपण पदर सावरून बसतो. घरात मात्र ‘झालं आईचं प्रवचन सुरू!’ असे मुले म्हणतात, तेव्हा त्यात कंटाळाच अधिक असतो. पुराण लावणे, चऱ्हाट वळणे ही त्याचीच भावंडे. पण चऱ्हाट म्हणजे मुळातच जाडाभरडा दोर. त्याला मान नव्हता. प्रवचनाला मान होता. प्रवचन म्हणजे नीट उलगडून सांगणे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला तर या शब्दाची घसरण अधिकच लागावी. प्रवरेकाठी नेवाशाला, पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला, असे आपण परंपरेने मानतो. ते साल शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. ओव्या नऊ हजारांच्या घरात! तरी त्यांना कोणी चऱ्हाट म्हटले नाही. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे आधी अवधान मागतात, आणि श्रोत्यांना श्रीमंत माहेराची उपमा देतात. माहेरी लेक हट्ट करते, हुकूम सोडत नाही.

आपण घरात असे अवधान मागतो का? मुलगी नापास होऊन येते. तिला हवा असतो पाण्याचा पेला आणि पाठीवर हात. आपण आरंभ करतो, ‘आमच्या वेळी...’ पुढच्या खेपेला ती काही सांगतच नाही. कंटाळ्यापेक्षा हे नुकसान फार मोठे आहे.

पण भगिनींनो, या शब्दाची दुसरीही बाजू आहे. पगार दारूत गेला आणि बाईने हिशेब विचारला, की उत्तर येते, ‘प्रवचन पुरे!’ तिने विचारलेले असते एकच वाक्य. तिथे कंटाळा बोलण्याचा नसतो, प्रश्नाचा असतो. तेव्हा हा शब्द कानी आला की आधी पाहावे, आपण उपदेश करीत होतो की जाब विचारीत होतो? उपदेश असेल तर आवरता घ्यावा. जाब असेल तर उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारावा.

माझेही प्रवचन होण्याआधी आपली रजा घेते.