मैत्रीचें बाक

हरारे ही झिंबाब्वेची राजधानी. तिच्या दक्षिण भागांत म्बारे नांवाची जुनी, दाट कष्टकरी वस्ती आहे. तेथील दवाखान्याच्या आवारांत, इमारतीच्या बाहेर, एक साधें लांकडी बाक मांडलेलें आढळतें. बाकाच्या एका टोकास एक वृद्ध बाई बसते. दुसऱ्या टोकास जें कोणी कष्टी होऊन आलेलें असेल तें बसतें. दोघांच्या मध्यें मेज नसतें, आणि एकाची बैठक उंच व दुसऱ्याची खालीं असाही प्रकार नसतो. मनाच्या दुखण्यावरील हें एक उपचारगृहच आहे. त्यावर तशी पाटी मात्र नाहीं, आणि ती कां नाहीं याची हकीकत सांगण्याजोगी आहे.

२००५ सालीं त्या देशाच्या सरकारनें शहरांतील बेकायदा ठरविलेलीं घरें, टपऱ्या व बाजार जमीनदोस्त करण्याची मोहीम काढली. तिला नांव दिलें 'मुरांबात्स्विना'. या शोना शब्दाचा आशय 'घाण काढून टाकणें' असा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणें सुमारें सात लाख माणसांचें घर गेलें, पोटाचा धंदा गेला, किंवा दोन्हीही गेलीं. राहतें घर डोळ्यांदेखत पडावें हा आघात तर खराच. पण ज्याचें घर पडलें त्यालाच घाण म्हणावें, हा त्यावरचा दुसरा घाव.

डॉ. डिक्सन चिबांडा हे तेथील मानसोपचारतज्ज्ञ. त्या वेळीं सबंध देशांत असे तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्याच सुमारास त्यांच्या उपचाराखालील एका तरुणीनें आत्महत्या केली. तिला पुन्हा इस्पितळांत न्यावयाचें असें घरच्यांनीं ठरविलें होतें. परंतु बसभाड्याचे पंधरा डॉलर जमले नाहींत. इस्पितळांत बसून रोग्याची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं, हें चिबांडा यांना या मृत्यूनें शिकविलें. २००६ मध्यें म्बारे येथें काम आरंभावयाचें म्हणून त्यांनीं माणसें व जागा मागितली. परिचारिका मोकळ्या नव्हत्या, खोलीही नव्हती. मिळाल्या त्या चौदा आज्या. आरोग्याच्या कामासाठीं वस्तींतून फिरणाऱ्या, वस्तींत सर्वांच्या ओळखीच्या. कोणा पदवीधराला हें दान फारसें उत्साहजनक वाटलें नसतें.

पण पहिली चूक सुधारली ती याच आज्यांनीं. बाकाला प्रथम मानसिक आरोग्याचें बाक असें नांव होतें, आणि त्यावर बसावयास कोणी धजत नसे. एकदां घाण ठरविल्या गेलेल्या माणसानें आतां चारचौघांत वेडा म्हणवून घ्यावें कीं काय? आज्यांनीं दुसरें नांव सुचविलें. शोना भाषेंत त्याचा अर्थ विचारांची देवाणघेवाण करण्याचें आसन असा होतो. जगभर तें 'मैत्रीचें बाक' म्हणून ओळखलें जातें. वैद्यकाच्या पुस्तकांतील रोगाचें नांवही तेथें उच्चारीत नाहींत. लोक म्हणतात 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणें. मराठी बाई 'जिवाला घोर लागला' म्हणते, त्याच जातीचा हा शब्द.

आलेल्या माणसाला चौदा प्रश्न विचारतात. झोंप येते कां, रडूं येतें कां, जीव द्यावासा वाटतो कां, असे ते आहेत. ही प्रश्नावली मुंबईंत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल यांनीं १९९० नंतरच्या दशकांत हरारे येथें सहकाऱ्यांसह तयार केली. पुढें गोव्यांत त्यांच्या 'संगाथ' संस्थेनें डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना प्राथमिक आरोग्यकेंद्रांतून असेंच काम शिकविलें.

प्रश्न संपले कीं आजी ऐकावयास बसते. समजा, आलेली बाई विधवा आहे, तिला एच.आय.व्ही.ची बाधा आहे, दीर मारहाण करतो आणि दोन महिन्यांचें खोलीभाडें थकलें आहे. शहाणा माणूस चटकन म्हणेल कीं मूळ दुःख मारहाणीचें. परंतु बाईनें भाड्याचा विषय काढला, तर आजी भाड्यालाच हात घालते. कोणाकडे मुदत मागावी, काय विकावें, उद्यां सकाळीं पहिलें पाऊल कोणतें, हें त्या बाईनेंच ठरवावयाचें. मार खाल्ल्याची हकीकत ती सांगेल तेव्हां. ती उकरून काढावयाची नाहीं. अमेरिकेंतील डॉ. ज्युडिथ हर्मन यांनीं १९९२ च्या आपल्या ग्रंथांत हेंच तत्त्व मांडलें आहे: आघातांत माणसाचा स्वतःवरील ताबा हिरावला जातो, म्हणून आधीं सुरक्षितता, आणि बरें होण्याचीं सूत्रें त्याच्याच हातीं. आजींना हा ग्रंथ ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तीन पायऱ्यांचीं नांवें मात्र त्यांना पाठ असतात: मन उघडणें, वर उचलणें, बळकट करणें.

या रीतीची शास्त्रीय कसोटीही झाली. हरारेंतील चोवीस दवाखान्यांत ५७३ रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्यें प्रसिद्ध झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकीं सुमारें निम्म्यांत सहा महिन्यांनंतरही खिन्नतेचीं लक्षणें टिकून होतीं. बाकावर बसलेल्यांत हें प्रमाण शेंकडा १४ च्या आंत होतें.

तरी एक आक्षेप उरतोच, आणि तो लहान नाहीं. ज्यानें घर पाडलें त्याला जाब विचारण्याचें सामर्थ्य या बाकाला नाहीं. बेघराला नुसता धीर देणें म्हणजे अन्याय पचविण्याची संवय लावणें, असें कोणी म्हटल्यास त्याचें तोंड सहज बंद करतां येणार नाहीं. आज्यांचें उत्तर फार तर अर्धें आहे. बाकावरील भेटी होऊं लागल्या कीं त्या आलेल्या बाईला 'कुबाताना तोसे' या मंडळांत नेतात. नांवाचा अर्थ आहे 'सर्वांनीं हात धरणें'. तेथें पूर्वीं बाकावर बसून गेलेल्या बायका गोलाकार बसतात, आपापलें दुःख बोलतात आणि बोलतां बोलतां टाकाऊ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणतात. नव्या बाईला शेजारची सुई कशी धरावयाची तें दाखविते. पिशवी विकली जाते, आणि थकलेल्या भाड्यांतले कांहीं पैसे त्यांतून फिटतात.