फळाची लाली आणि झाडाचे अन्न

न्यूझीलंडच्या नेल्सन भागात १९५२ साली ब्रेबर्न जातीचे सफरचंद प्रथम आढळले. आंबटगोड, टणक व दूरचा प्रवास सोसणारे म्हणून ते देशोदेशी गेले. परंतु त्यास एक खोड आहे. बागेतून निघताना निर्दोष दिसणाऱ्या फळावर शीतगृहात काही आठवडे लोटल्यावर तपकिरी, खोलगट ठिपके उमटतात आणि त्यांखालचा गर कोरडा व कडवट होतो. परक्या बंदरात पेटी उघडली जाते तेव्हा बागाईतदाराची वर्षभराची मेहनत मातीमोल झालेली असते.

या दोषाचे मूळ बहुतांशी झाडाच्या पोषणात आहे. गरास घट्टपणा देणारे कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढते. पाने फळांपेक्षा अधिक पाणी हवेत सोडतात, म्हणून त्यांचा वाटा मोठा. आणि पानांत गेलेले कॅल्शियम फळाकडे सहसा परतत नाही. अशात नत्रखत सढळ हाताने घातले की पालवी माजते, फळ फुगते, पण त्यातील कॅल्शियम विरळ होते. शिवाय लाली चढण्यास ऊन हवे. ते दाट पानांनी अडते व साल हिरवट राहते. पालाश आवश्यक खरे, तथापि तेही अति झाल्यास कॅल्शियमच्या आड येते.

म्हणून जाणता बागाईतदार पानांची व फळांची रासायनिक तपासणी करवून खताचे माप ठरवितो आणि वाढत्या फळांवर कॅल्शियम क्लोराइडचे सौम्य द्रावण पुनःपुन्हा फवारतो. झाड पोसणे निराळे आणि माजविणे निराळे, हे त्याने ओळखलेले असते. दूरदेशीच्या ग्राहकाचा विश्वास त्यावरच टिकतो.